‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबा

ऑफिस भाड्याने घेताना डिपॉझिट बुडण्याचा एक प्रकार पुन्हा पुन्हा घडतो. फसलेला माणूस सांगतो : जागा पाहिली होती, किल्ली मिळाली होती, करारही केला होता. हे सगळं खरंच असतं. जागा देणारा मात्र मालक नसतो.

तो असतो आधीचा भाडेकरू. त्याच्या कराराचे चार-सहा महिने उरलेले असतात, मालक परगावी असतो, आणि किल्लीपासून मेंटेनन्सच्या पावतीपर्यंत सगळं त्याच्या हाताशी असतं. तयार फर्निचर, भाडं बाजारापेक्षा थोडं कमी आणि वर घाई : ‘आणखी दोन पार्ट्या बघून गेल्यात, आज टोकन द्या.’ सहा महिन्यांचं डिपॉझिट घेऊन स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिली जाते. सुरुवातीला काही जाणवत नाही, कारण खऱ्या मालकाला तो भाडं वेळेवर पोचवत असतो. शंका येते ती बहुधा जीएसटी नोंदणीच्या वेळी. तिथे करारासोबत लाइट बिल किंवा मालमत्ता कराची पावती जोडावी लागते आणि त्यावरचं नाव करारातल्या नावाशी जुळत नाही. फोन लावावा, तर बंद.

नोटरी सही कोणाची एवढंच सांगते, जागा कोणाची हे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत अकरा महिने असो की पाच वर्षं. नोंदणीची जबाबदारीही जागा देणाऱ्यावर आहे. अकरा महिन्यांची समजूत केंद्राच्या नोंदणी कायद्यातून आली आहे. आपल्या राज्यात ती चालत नाही.

‘नोंदणीला खर्च फार येतो’ ही सबबही तपासून पाहा. महिन्याचं भाडं 60,000, डिपॉझिट 3,60,000, मुदत 36 महिने. एकूण भाडं 21,60,000. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून तीन वर्षांचे 1,08,000. बेरीज 22,68,000; त्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 5,670 रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1,000. एवढ्यासाठी साडेतीन लाखांहून जास्त रक्कम टांगणीला लावू नका.

पण नोंदणी झाली म्हणून मालकी सिद्ध होत नाही, कारण नोंदणी कार्यालय ती शोधून देत नाही. म्हणून टोकनच्या आधी जागेच्या खरेदीखताची सूची क्रमांक 2, म्हणजे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश), मागा आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये स्वतः काढून पडताळा. त्यातलं नाव, देणाऱ्याचं पॅन आणि ज्या खात्यात पैसे जाणार ते खातं, तिन्ही एकच हवं. त्याच शोधात जागेचा चालू लिव्ह अँड लायसन्स दिसला, तर तो रद्द झाल्याचा नोंदणीकृत दस्त दाखवायला सांगा. मग सोसायटीच्या ऑफिसात जाऊन सभासद कोण, हे विचारा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि नेमकं हेच राहून जातं. देणारा ‘मी मालकाच्या वतीने देतो’ म्हणाला, तर नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र बघा आणि मालकाशी थेट बोला.

जागेवर कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र घ्या. हप्ते थकून बँकेने ताबा घेतला, तर बाहेर तुम्हीच पडता.

क्षेत्रफळाचा घोळ वेगळा. जाहिरातीत 1,000 चौरस फूट असतं, ते सुपर बिल्टअप, म्हणजे भिंती आणि जिना-लॉबीसारख्या सामायिक जागेचा वाटा धरून. टेप लावल्यावर आत 650 भरले, तर चौरस फुटाला 60 रुपयांचा दर प्रत्यक्षात 92 च्या पुढे जातो, आणि मेंटेनन्सही बहुधा त्या हजारावरच लागतो. करारात कार्पेट एरिया, म्हणजे आतली वापरायची जागा, आकड्यात लिहून घ्या.

फसवणूक लक्षात आली, तर जागा सोडण्याआधी खऱ्या मालकाला लेखी कळवा. त्यालाही बहुतेक वेळा काहीच ठाऊक नसतं, आणि उरलेल्या मुदतीसाठी तो थेट करार करायला तयार होऊ शकतो. पैसे भरल्याचे बँक उतारे, नोटरीची प्रत, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं घेऊन पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली तक्रार द्या. डिपॉझिट रोखीने दिलेलं असेल, तर पुराव्याची खरी ओढाताण तिथेच सुरू होते.