आठ महिने बॉक्स ट्रेनरवर, बायपासच्या टाक्यांसाठी

जूनमध्ये, पाऊस लागला त्याच आठवड्यात, बॉक्स ट्रेनर, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या (लॅपरोस्कोपीच्या) सरावाची पेटी, म्हापशाच्या घरी आला. पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया लॅपरोस्कोपीने बरीच वर्षं करत होतो. बॅरिअ‍ॅट्रिक (वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया) शिकायला लागलो आणि पहिल्या गॅस्ट्रिक बायपासलाच कळलं की आत टाके घालण्यात माझा हात कच्चा आहे.

स्लीव्हमध्ये, म्हणजे जठर कापून अरुंद नळीसारखं करताना, बहुतेक काम स्टेपलरचं. ३६ ते ४० फ्रेंचचा बूजी (मापाची नळी; फ्रेंच हे तिच्या जाडीचं माप) आत ठेवून त्याच्या कडेने कापत वर जायचं. मध्ये जठराच्या वळणावर वाट अरुंद होऊ द्यायची नाही आणि वर अन्ननलिकेला चिकटून कापायचं नाही. लीक, म्हणजे शिवणीतून गळती, बहुतेक वेळा तिथेच होतो. बायपासचं वेगळं. जठराची साधारण ३० मिलीची पिशवी, तिला आतडं जोडायचं, खाली आतड्याला आतडं, आणि मेसेंटरीतल्या (आतडं धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या) फटी शिवायच्या. फट राहिली तर वजन उतरल्यावर पुढे कधीतरी आतडं त्यात अडकतं. इथे डावा हात लागतो, आणि तो माझ्याकडे नव्हता.

म्हणून रोज रात्री अर्धा तास. १५ सेंटिमीटरचा धागा, सुई मागच्या तिसऱ्या भागाशी धरायची, डाव्या ग्रास्परने (लांब पकडीने) धाग्याचा अर्धगोल करायचा, उजव्याचे दोन वेढे, मग शेपूट पकडून उलट दिशांना ओढायचं. हात उजवीकडे नेला की आत हत्याराचं टोक डावीकडे जातं, ही सवय आधीची होती. पण सुई डाव्या हातात घेतली की डोकं पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागतं. सुरुवातीला एका गाठीला नऊ मिनिटं लागायची. चवथीपर्यंत चारवर आलो, आता दोन-अडीच.

बायपासला आतडं ठरलेल्या अंतरावर जोडावं लागतं; ते मोजायचा सराव मी स्वतः बसवला. दोन मीटर रिबन, पाठीमागे खुणा, दोन ग्रास्परनी हातोहात सरकवत १५० सेंटिमीटर मोजायचे आणि मग उलटून बघायचं. पहिल्या दिवशी माझे १५० प्रत्यक्षात १२८ निघाले. अंतर चुकलं तर रुग्णाच्या पोषणावर परिणाम होतो, म्हणून हा सराव मी आजही सोडलेला नाही. रिबन ताणत नाही, आतडं ताणतं, हे मात्र डुकराच्या आतड्यावरच कळलं.

तक्रारी आहेत. सोबतच्या कॅमेऱ्याचं चित्र हातापेक्षा मागे राहायचं. विक्रेत्याने दाद दिली नाही, शेवटी दुसरा कॅमेरा लावला. पावसात ग्रास्परचे सांधे गंजले, तेव्हापासून रोज पुसून तेल देतो.

व्हीआर (संगणकावरच्या आभासी) सिम्युलेटरवरही चार दिवस काढले. २००२च्या येलमधल्या चाचणीत असा सराव केलेल्या रेसिडेंट (शिकाऊ) डॉक्टरांनी पित्ताशय यकृतापासून २९ टक्के कमी वेळात सोडवलं होतं, त्यामुळे त्याला मी कमी लेखत नाही. चुकांची नोंद तो चोख ठेवतो. पण मी वापरलेल्या यंत्रावर धागा ओढताना हाताला काहीच जाणवत नव्हतं. टाक्यांसाठी मी बॉक्सच घेईन.

दोन्हीकडे नसते ती पोटाची जाड भिंत. खऱ्या केसमध्ये ती पोर्टला (हत्यार आत घालायच्या नळीला) धरून ठेवते, हत्यार वळवायला मनगटाचा जोर लागतो. जानेवारीत मला बायपास शिकवणाऱ्या सरांनी पीटरसनची फट (मेसेंटरीच्या फटींपैकी एक) शिवायला दिली. गाठी नीट बसल्या, पण चौथ्या टाक्याला मनगट भरून आलं. ती ताकद सरांच्या शेजारी उभं राहूनच येणार.

बांबोळीच्या मेडिकल कॉलेजचे दोन रेसिडेंट आता रविवारी सकाळी सरावाला येतात. आणखी कुणाला यायचं असेल तर गुरुवारपर्यंत कळवा. शुक्रवारच्या बाजारात सरावासाठी जठर आधी सांगितलं तरच मिळतं.