पहिली मेरी, दुसरी मेरी: जनगणना बघावी की कोर्टाची पाकिटं?

गेल्या दोन वर्षांत आमच्या मंडळातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. मुलाचं किंवा मुलीचं लग्न इथं अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांतल्या घरात झालंय, नातवंडाला शाळेत वंशवृक्ष काढून न्यायचाय, आणि व्याह्यांकडची एकोणिसाव्या शतकातली कुणी खापरपणजी मध्येच गायब होते. तिला शोधायला घरबसल्या जनगणना चाळावी, की रजा टाकून कोर्टाचे जुने कागद बघावेत?

मी दोन्ही केलंय. माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं आहे, ते वाचता वाचता कळेलच. माझा सगळा अनुभव नॉर्थ कॅरोलायनाचा आणि एकाच घराण्याचा, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

आमच्या विहीणबाईंची खापरपणजी मेरी. आडनाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. घरात मोठं बायबल आहे. जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये जन्म, लग्न, मृत्यू लिहायची पानं असतात, तसलं. जन्मांच्या पानावर नऊ मुलं, सुबक अक्षरात, तारखांसकट. लग्नांचं पान कुणीतरी कात्रीनं कापून नेलेलं. (हे फार विचित्र नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांनी पेन्शनसाठी पुरावा म्हणून अशी पानं फाडून वॉशिंग्टनला पाठवली, त्यातली कित्येक अजून त्या फायलींत आहेत. आमचं पान कुठं गेलं, देव जाणे.)

जनगणनेचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. 1850 पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव त्यात येतं. त्याआधी 1790 ते 1840 नुसतं कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची माणसं वयाच्या रकान्यात रेघोट्यांसारखी मोजलेली. 1880 ला प्रमुखाशी नातं लिहायला लागले, आईवडिलांचा जन्म कुठल्या राज्यातला तेही आलं. 1900 ला तर बाईला सरळ विचारलंय, किती मुलं झाली, किती हयात आहेत. जी बाई 1900 पर्यंत जगली, तिच्यासाठी जनगणनाच बरी, यात वाद नाही. 1890 ची जवळजवळ सगळी गेली, 1921 च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर. हे तुम्हाला ठाऊक असेलच.

सोय तर विचारू नका. चहाचा कप घेऊन बसायचं, नाव टाकायचं. पैसे भरायचे नसतील तर मॉर्मन चर्चची फॅमिलीसर्च फुकट आहे. मी एका पैसेवाल्या साइटचीही वर्गणी भरली होती. पहिल्याच संध्याकाळी मेरी सापडली, 1850 मध्ये, वय 25, नवरा, तीन मुलं. मग 1860, 1870, 1880, 1900. शिवाय 1915 चा मृत्यूचा दाखला! इथं राज्यभर जन्म-मृत्यू नोंदणी 1913 ला सुरू झाली, म्हणजे बाई जेमतेम तिच्यात बसली. दाखल्यावर तिच्या बापाचं नाव, आईचं माहेरचं नाव, सगळं. मी हुरळलो. पुढचा अख्खा हिवाळा त्या बापाच्या मागं मागं व्हर्जिनियापर्यंत गेलो. साइटवर आणखी अकरा जणांच्या वंशवृक्षांत तीच मेरी, तेच माहेर. अकरा जण म्हणतायत म्हटल्यावर शंका कशाला घ्यायची?

आता ती खोच सांगतो, जिच्यामुळे माझं मत फिरलं. 1850 ला मेरी 25 वर्षांची. 1860 ला मेरी 29 वर्षांची. दहा वर्षांत बाई चारच वर्षांनी वाढली, आणि मी ते सोडून दिलं. कारण या छंदातला प्रत्येक जाणकार पहिल्याच दिवशी सांगतो, जनगणनेतली वयं धरू नयेत, शेजाऱ्यानं सांगितलेली असतात, मोजणारा घाईत असतो. खरंच आहे ते. पण हा नियम एकदा डोक्यात बसला की आपण सगळंच माफ करायला लागतो. थोरला मुलगा 1845 चा, म्हणजे 29 वाली मेरी चौदाव्या वर्षी आई झालेली. तेही मी चालवून घेतलं. 1900 मध्ये तिनं सांगितलंय, मुलं पाच झाली, चार हयात. बायबलात नऊ. मी म्हटलं, ऐकू कमी येत असेल म्हातारीला.

1850, 1860, 1870 या तिन्ही खेपांत नात्याचा रकानाच नाही. पुरुषाच्या नावाखाली बाईचं नाव आलं की आपण तिला बायको समजतो आणि खालच्या सगळ्या पोरांची आई. ती दुसरेपणाची असू शकते, बहीण असू शकते, मेलेल्या भावाची बायकोही. दोन मोजण्यांच्या मधल्या दहा वर्षांत एक बाई मेली, दुसरी आली, आणि दोघींचं नाव मेरी असलं, तर कागदावर एकच बाई उरते. मेरी हे तिकडचं सुमन-कुसुम. घरोघरी. वर तिला पॉलीही म्हणायचे. मार्थाला पॅट्सी, सेराला सॅली, मार्गारेटला पेगी. म्हणजे नावावरूनही धरता येत नाही.

आणि जी जास्त जगते तिचे कागद जास्त, म्हणून ती दुसरीला गिळते. अकरा झाडांचं तेच झालं होतं. एकानं गिळलं, दहा जणांनी नक्कल केली.

बायबलनं वाचवायला हवं होतं, पण तेही तसलंच निघालं. मुखपृष्ठामागचं साल मी कधी बघितलंच नव्हतं. बायबल छापलंय 1871 ला. नवाच्या नवा जन्म एका शाईत, एका हातानं, एका बैठकीत उतरवलेले, आणि पहिला 1845 चा. म्हणजे हे दुसऱ्या मेरीचं बायबल, तिनं सवतीची चार आणि आपली पाच एकाच यादीत लिहिली. बरं मन असेल तिचं. पण पुढच्यांची पंचाईत झाली. घरातलं बायबल असेल तर आधी छपाईचं साल बघा, मग नोंदी.

तर कोर्टाची पाकिटं, म्हणजे मेलेल्या माणसाच्या वारसाचे कोर्टातले कागद. रॅलेच्या राज्य अभिलेखागारात मी गेलो ते खरं तर त्या व्हर्जिनियावाल्या बापासाठीच. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, नवरीची काउंटी (आपला जिल्हा समजा) कुठली? मी नवऱ्याची सांगितली. त्या म्हणाल्या, ती नाही विचारली. या राज्यात 1868 पर्यंत लग्नाआधी नवरदेव जामीनखत लिहून द्यायचा, आणि ते बहुतेक करून नवरीच्या काउंटीत. सोबत जामीनदार, तो पुष्कळदा नवरीचा बाप नाहीतर भाऊ. शेजारच्या काउंटीत डिसेंबर 1843 चं जामीनखत निघालं. नवरा आमचाच. नवरी पॉली, भलतंच आडनाव. जामीनदार त्याच आडनावाचा.

त्या आडनावाचं पाकीट मागवलं. वारसाची कागदपत्रं काउंटीप्रमाणे आणि मग मेलेल्याच्या नावाप्रमाणे लावलेली असतात. अक्षर वाचायला पहिला तासभर जातो. दोन एस लागोपाठ आले की पहिला एफसारखा काढतात, त्यामुळे 'जेसी' हा 'जेफसी' दिसतो. मोडीशी झटापट केलेल्यांना फार जड जाणार नाही. आणि मग आली फेब्रुवारी 1859 च्या टर्मची, म्हणजे कोर्टाच्या बैठकीची, वाटणीची याचिका. म्हातारा मृत्युपत्र न करता गेलेला. अशा वेळी जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची आणि मुलगी आधी गेली असेल तर तिचा हिस्सा तिच्या मुलांना, म्हणून सगळ्या वारसांची नावं लिहिणं भागच. मुलगे, लेकी, जावई, आणि शेवटी, मुलगी मेरी, मयत, अमक्याची पूर्वीची बायको, तिची चार मुलं, अज्ञान (वयात न आलेली), पालकामार्फत. चारही नावं बायबलातली पहिली चार.

विहीणबाई तिसऱ्याच्या वंशातल्या. म्हणजे हिवाळाभर मी ज्या बापामागं हिंडलो, त्याचा आमच्या नातीशी काडीचा संबंध नव्हता.

तेव्हा मला उमजलं ते असं: तिकडची बाई स्वतःच्या कागदात सापडत नाही. लग्न झालं की कायद्याच्या लेखी तिची वेगळी हस्तीच संपायची. मिसिसिपीनं 1839 मध्ये थोडी सूट दिली, नॉर्थ कॅरोलायनात विवाहितेची मिळकत तिची स्वतःची राहू लागली ती 1868 च्या राज्यघटनेनं. बाई सापडते बापाच्या मरणात आणि नवऱ्याच्या मरणात. (आपल्या कुलवृत्तांतात निदान माहेरचं आडनाव तरी लिहितात.) थडग्यावर बघा, 'कॉन्सॉर्ट' लिहिलं असेल तर नवऱ्याआधी गेली, 'रेलिक्ट' असेल तर मागं राहिली. सौ. आणि गं. भा. यांतला फरक आपल्याला कुणी समजवायला नको.

त्याच पाकिटात पहिल्या मेरीच्या आईची वर्षाची बेगमी होती. नवरा गेल्यावर कोर्टानं नेमलेले पंच येऊन विधवेला वर्षभर पुरेल एवढं काढून ठेवायचे: मका इतकी पिंपं, डुकराचं मांस इतके पौंड, मीठ, कॉफी, साखर. जमिनीत तिचा तिसरा हिस्सा, तोही फक्त हयातीपुरता. बाकीच्या सामानाचा लिलाव. लिलावाच्या यादीत डावीकडे वस्तू, उजवीकडे घेणाऱ्याचं नाव. चरखा: विधवा. माग: विधवा. कढई: विधवा. स्वतःच्या घरातल्या वस्तूंवर तिनं बोली लावून त्या सोडवून घेतलेल्या. नाव नाही, नुसतं 'विधवा', पण या कागदाइतकी ती मला दुसरीकडे कुठंच दिसली नाही.

पुढच्या पानावर गुलाम माणसांची वाटणी होती. एका बाईचं नुसतं पहिलं नाव, पुढं 'आणि मूल', आणि दोघांची मिळून एक किंमत. विहीणबाईंना मी तो फोटो पाठवला तेव्हा दोन दिवस त्यांचं उत्तर आलं नाही.

तुमच्या सुनेची किंवा जावयाची खापरपणजी कृष्णवर्णीय आणि गुलामीतली असेल, तर खरं म्हणजे निवडीचा प्रश्नच उरत नाही. 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांची नावंच नाहीत, मालकाच्या नावाखाली वय, लिंग, रंग. सगळ्यांची नावं 1870 ला आली. त्याआधीचं नाव मिळालं तर बहुधा असल्या वाटणीच्या यादीत मिळतं, नाहीतर 1866 च्या सहजीवनाच्या नोंदींत. मुक्त झालेल्या जोडप्यांनी आपण किती वर्षं नवराबायको म्हणून राहतोय हे त्या वर्षी काउंटीत नोंदवलं होतं. काही नोंदी उरल्यात, सगळ्या काउंट्यांच्या नाहीत.

कोर्टाच्या कागदांचे तोटेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी लिहिलंय. मागं काहीच न ठेवता गेलेल्या गरिबाचं पाकीटच नसतं. व्हर्जिनियात कित्येक काउंट्यांची कोर्टं जळालीत. साउथ कॅरोलायनात फेब्रुवारी 1865 ला कोलंबिया शहर पेटलं, आणि तिथं तर लग्नाचे परवानेच 1911 पर्यंत नव्हते, त्यामुळे चर्च आणि वर्तमानपत्रं यांवर भागवावं लागतं. तुमची बाई तिकडची असेल तर माझा सल्ला थोडा सैल धरा. जॉर्जियाची असेल तर जमिनीच्या सोडती बघा. 1805 ते 1833 मध्ये राज्यानं सोडत काढून जमीन वाटली, तिच्यात विधवांनाही चिठ्ठी टाकता यायची. नवरा कॉन्फेडरेट, म्हणजे यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या, सैन्यात असेल तर विधवेचं पेन्शन केंद्राकडे शोधू नका. ते त्या त्या राज्यानं दिलेलं असतं.

वेळेचं म्हणाल तर जनगणना एका संध्याकाळी पाच कागद देते, पाकीट दिवसभरात एक. पण ते पाच कागद निस्तरायला मला चार महिने लागले. आणि रॅलेला जाणं जमत नसेल तरी अडत नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या पाकिटांतली पुष्कळशी पानं फॅमिलीसर्चवर चित्ररूपात आहेत. मात्र आतल्या प्रत्येक नावाची सूची असेल ही आशा सोडा. मेलेल्याच्या नावानं उघडायचं आणि पान पान उलटायचं. बाईचं नाव टाकून शोधाल तर ती मिळणार नाही.

मी आज पुन्हा सुरुवात केली तर जनगणना एकदाच वाचीन, तीही वयांची बेरीज-वजाबाकी कागदावर मांडून. मग सरळ तिच्या भोवतालचे पुरुष कधी मेले ते काढीन. साइटची वर्गणी अजून भरतोय, सवय म्हणा.

विहीणबाईंनी परवा बायबल आमच्याकडे पाठवलं. पहिल्या मेरीचं नाव तुम्हीच लिहा म्हणाल्या, तुमचं अक्षर बरं आहे. लग्नांचं पान नाही. मृत्यूच्या पानावर जागा आहे, पण कागद एवढंच सांगतात की ती चौथ्या बाळंतपणानंतर आणि त्या फेब्रुवारीच्या टर्मआधी गेली. पेन्सिल काढून ठेवलीय. तारखेच्या रकान्यात काय लिहावं, ते अजून ठरत नाहीये.