सहा वर्षं थांबलेली लायब्ररी आणि आमच्या पट्ट्या : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानाचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. सौदे झाले की प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब), वजनाची चिठ्ठी आणि कोल्ड स्टोरेजची पावती जोडून एक पीडीएफ करायची. त्यासाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत चाळीसेक ओळींचा प्रोग्रॅम आहे. आधी तो ‘पायपीडीएफ२’ या लायब्ररीवर, म्हणजे पीडीएफ हाताळणाऱ्या तयार, फुकट कोडवर चालायचा, गेल्या जूनपासून ‘पायपीडीएफ’वर चालतो. घराणं एकच.

बदलायची वेळ का आली? गेल्या एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, एका पावतीवर प्रोग्रॅम अडकला. एरर नाही, काही नाही, नुसता पंखा घरघरतोय. बाहेर वाळव्याकडचे एक काका, दर पाच मिनिटांनी “झाली का पट्टी?” पावती अर्धवट डाउनलोड झालेली. आतल्या चित्राची शेवटची खूणच नव्हती आणि लायब्ररी ती शोधत गोल गोल फिरत बसली.

शोधल्यावर कळलं, हा दोष एप्रिल २०२२ मध्ये, लायब्ररीच्या १.२७.५ या आवृत्तीतच दुरुस्त झालाय. मी मात्र मे २०१६ ची १.२६ धरून बसलो होतो. चूक माझीच, पण सवय कुणी लावली? १.२६ नंतर जवळजवळ सहा वर्षं नवीन आवृत्तीच नाही. मग माणूस बघायचंच सोडून देतो. २०२२ मध्ये काम पुन्हा सुरू झालं ते असं, की वर्षअखेरीस ३.० आली आणि प्रोग्रॅममध्ये वापरायची जुनी नावंच गेली. नव्या मशीनवर टाकली तर ‘पीडीएफफाइलरीडर काढून टाकलंय, पीडीएफरीडर वापरा’ असा निरोप. हंगाम तोंडावर, कोण बदलत बसणार? जुनीच परत बसवली. त्याच सुमारास लायब्ररीनं पायपीडीएफ हे आपलं मूळ नाव परत घेतलं, तेही मला उशिराच कळलं.

झेडलिब या डेटा दाबून लहान करणाऱ्या दुसऱ्या एका लायब्ररीचं तर याहून वाईट. मेमरी बिघडवणाऱ्या एका दोषाची दुरुस्ती २०१८ मध्येच कोडमध्ये गेली होती, पण ती असलेली अधिकृत आवृत्ती, १.२.१२, आली मार्च २०२२ मध्ये. मधली चार वर्षं अधिकृत आवृत्तीवर विसंबलेले सगळे जुन्याच दोषासकट बसलेले. फुकट राबणाऱ्यांना जाब विचारायला जीभ रेटत नाही, तरी निदान छोटी आवृत्ती तरी काढा की हो.

आता पायपीडीएफचं. जोडणी चोख, तीच अडकलेली पावती आता क्षणात पार होते. पीडीएफमधून मराठी मजकूर वाचून घेणं मात्र अजून रडतखडत. ‘किलो’ची वेलांटी ‘क’पासून सुटून त्याच्या आधीच येऊन बसते, म्हणून वजनं मी इंग्रजी आकड्यांवरूनच पकडतो. नव्या आवृत्त्या वरचेवर येतात. सुरुवातीला दर वेळी अपडेट करत होतो, दिवाळीत कंटाळलो. आता महिन्यातून एकदा बदलांची यादी वाचतो, जुन्या पन्नास पट्ट्यांवर चालवून बघतो, मगच घेतो.

फेब्रुवारी उजाडला, राजापुरी हळदीची पोती यार्डात उतरायला लागलीत. परवाच आवृत्तीचा आकडा फाईलमध्ये पक्का करून टाकला. आता जूनपर्यंत त्याला हात लावणार नाही.