१९७० हेमी कुडा, १:२४ चं किट: इंजिनसाठी घ्या, पण बॉनेट आधी बसवून बघा

आधीच सांगतो, प्लिमथ बॅराकुडा या अमेरिकन गाडीचं, म्हणजे कुडाचं, हे प्लास्टिकचं जोडायचं मॉडेल किट घ्यायचं तर इंजिनसाठी घ्या. बॉडी छान आहे, आतलं इंटिरियर ठीकठाक आहे, क्रोम मला अजिबात आवडलं नाही, पण ४२६ हेमी, म्हणजे या गाडीचं मोठं व्ही-८ इंजिन, जे दिलंय ना ते बघून मन भरतं. डब्यावरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मसल कारच्या, म्हणजे अशा दणकट इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांच्या, किटचे साचे फिरत राहतात, तोच साचा आज या डब्यात तर काही वर्षांनी दुसऱ्याच डब्यात नवीन चित्र लावून येतो, त्यामुळे खाली लिहिलंय त्यावरून पार्ट ओळखा, डब्यावर जाऊ नका.

पहिलं काम म्हणजे पट्टी घेऊन व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, मोजा. खऱ्या बॅराकुडाचा व्हीलबेस १०८ इंच, म्हणजे १:२४ ला बरोबर साडेचार इंच, ११४ मिलिमीटर. १:२५ चं किट असेल तर ११० च्या आसपास येतो. या दोन स्केलमधले पार्ट एकमेकांत खपवायचा मोह होतो, विशेषतः चाकं आणि इंजिन, पण शेजारी ठेवल्यावर फरक कळतो. डॉज चॅलेंजर पण याच ई-बॉडीवरची, म्हणजे क्रायसलरने दोन्ही गाड्यांना वापरलेल्या सांगाड्यावरची, पण तिचा व्हीलबेस ११० इंच, त्यामुळे तिची चासी उचलून इथे लावू असं मनात असेल तर सोडून द्या. माझं किट मापाला एकदम बरोबर निघालं. वर्षही बरोबर पकडलंय, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना एकेकच हेडलाइट आणि पुढच्या मडगार्डवर गिल नाहीत. चार हेडलाइट आणि मडगार्डवरच्या त्या उभ्या खाचा हे १९७१ चं काम, आणि डब्यावर १९७० लिहून आत ७१ ची खूण दिसली की माझा सगळा मूड जातो. इथे तसं काही नाही.

बॉडीचा आकार मस्त आहे. मागच्या चाकावरचा तो फुगवटा, छोटी डिक्की, लांबलचक बॉनेट, सगळं जिथल्या तिथे. साच्याच्या रेघा मात्र आहेत, पुढच्या मडगार्डच्या माथ्यावरून आणि मागे छताच्या खांबावरून खाली जाणाऱ्या, आणि त्या प्रायमर मारेपर्यंत नीट दिसत नाहीत. ४०० चा सँडपेपर हळू हाताने, मग ६००, मग १०००. विंडशील्डच्या बाजूचे खांब बारीक आहेत, तिथे बोटाने दाब देऊन घासू नका, पेपर एखाद्या काडीला चिकटवून घासा. दरवाजा आणि डिक्कीच्या फटी थोड्या उथळ वाटल्या, म्हणून रंगाच्या आधी स्क्राइबरने, म्हणजे रेघ कोरायच्या टोकदार हत्याराने, एक-दोन हात फिरवून खोल करून घेतल्या, नाहीतर प्रायमर, रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) असे थर बसल्यावर फट बुजते आणि दरवाजा नुसता रेघ मारल्यासारखा दिसतो.

आता मुख्य गोष्ट, शेकर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शेकर म्हणजे बॉनेटच्या मधल्या भोकातून वर आलेला हवेचा स्कूप, पण तो बॉनेटला लावलेला नसतो, तो थेट इंजिनवर बसतो. खऱ्या गाडीत इंजिन सुरू झालं की तो इंजिनाबरोबर हलतो म्हणून ते नाव. आणि हेमी कुडावर तो स्टँडर्डच होता. मॉडेलमध्ये याचा अर्थ काय, तर इंजिन माउंटवर कणभर वाकडं बसलं, पुढे झुकलं, गिअरबॉक्सचं टोक थोडं वर राहिलं, की शेकर भोकाच्या एका कडेला जाऊन टेकतो आणि बॉनेट बसतच नाही. भोकाभोवती जागा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आहे. खऱ्या मापात ती १२ मिलिमीटर, म्हणजे बरोबरच आहे, पण हातात घेतल्यावर ती काहीच नाही. त्यात बॉनेटच्या भोकाच्या आतल्या कडेवर रंगाचे थर चढतात आणि शेकरवरही चढतात, म्हणजे होती ती जागा पण जाते.

किटची माहितीपत्रिका इथे कमी पडते. त्यात इंजिन आधी पूर्ण करा, मग चासीत बसवा, मग चासी बॉडीत, आणि बॉनेट एकदम शेवटी. या क्रमाने गेलात तर गडबड शेवटी कळते आणि तोपर्यंत सगळं चिकटलेलं असतं. माझं म्हणणं असं की ब्लॉक, हेड, इनटेक, शेकरचा बेस आणि चासी हे सगळं रंगाच्या आधी मास्किंग टेपने नुसतं बांधून बॉडीत घाला, बॉनेट ठेवा आणि वरून आणि बाजूने बघा. मी बघितलं तर माझ्याकडचा शेकर डावीकडे झुकत होता, कारण उजव्या माउंटवर प्लास्टिकची एक बारीक पापडी राहिली होती. फाइलचे दोन हात मारले आणि बरोबर मध्यभागी आला. भोकाची आतली कड पण सगळीकडून थोडी घासून घेतली, रंगासाठी जागा म्हणून. एवढं केलं की हे किट बनवायला इतकं सोपं होतं की विचारू नका.

इंजिनकडे येतो. ४२६ क्यूबिक इंच, म्हणजे ७ लिटर, कागदावर ४२५ हॉर्सपॉवर, वर कार्टरचे दोन चार-बॅरल कार्ब्युरेटर एकामागे एक. किटमध्ये हे दोन्ही कार्ब वेगळे दिलेत आणि त्यांच्यावरचं बारीक काम खरंच सुंदर आहे, पण शेकर बसला की त्यातलं काही दिसत नाही. म्हणून शेकरचं वरचं झाकण चिकटवू नका. त्याला आत एक पिन आहे, ती जरा घट्ट केली की झाकण नुसतं अडकून बसतं आणि कोणी बघायला मागितलं तर उचलून दाखवता येतं. ते करायचं नसेल तर कार्बच्या लिंकेजवर वेळ घालवण्यात काही अर्थ नाही, तोच वेळ स्पार्क प्लगच्या वायरींना द्या.

वायरी किटमध्ये नाहीत. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना वीज वाटणारा भाग, आहे पण एका तुकड्यात, नुसतं बुटकं टोपण. इथे बाहेरचा वायर लावलेला डिस्ट्रिब्युटर घेतला तर काम पटकन होतं, नाहीतर बारीक ड्रिलने आठ अधिक एक अशी भोकं पाडायची, मधलं कॉइलसाठी. खरी वायर त्या काळात ७ मिलिमीटर जाडीची, म्हणजे १:२४ ला ०.३ मिलिमीटर, आणि हे माप पाळाच, कारण बरेच जण अर्ध्या मिलिमीटरची वायर लावतात आणि मग इंजिनवर पाइप टाकल्यासारखे दिसतात. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२, विषम आकडे ड्रायव्हरच्या बाजूला, सम आकडे पलीकडे, आणि हेमीचा डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या पुढच्या बाजूला असतो आणि तो घड्याळाच्या उलटा फिरतो, तर त्याच दिशेने मोजत जा. हेमीची खासियत म्हणजे प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या मधून आत जातात, त्यामुळे वायरी वर सरळ दिसतात, कुठे मॅनिफोल्डखाली लपत नाहीत. आठही वायरी आपापल्या भोकात गेल्या आणि वळणं सारखी आली की इंजिन एकदम जिवंत दिसायला लागतं. या किटवर मी सगळ्यात जास्त वेळ इथेच रमलो.

व्हॉल्व्ह कव्हर काळी, पण गुळगुळीत नाहीत, सुरकुत्या असलेल्या रंगाची. त्यासाठी मॅट काळा जरा लांबून मारा, रंग हवेतच अर्धा सुकून पृष्ठभागावर खरखरीत बसतो, आणि या मापात तेवढा खरखरीतपणा पुरतो. ब्लॉक नारिंगी. हा क्रायसलरचा हेमी ऑरेंज आहे, शेव्हरोलेचा नारिंगी वेगळा, तो उचलून मारू नका, जाणकार माणूस लगेच बोट ठेवतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचे, तर तिथे चकचकीत चंदेरी अजिबात नको, मळका स्टील रंग आणि वर अगदी थोडा तपकिरी वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग.

क्रोमबद्दल नाराजी आहे ती इथे लिहून टाकतो. किटचं क्रोम जाड आहे, आरशासारखं, आणि त्याखाली बंपरच्या कडा मऊ होऊन गेल्यात. वर स्प्रूचे (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लागून येतात तिचे) जोड बंपरच्या अगदी दिसणाऱ्या कडेवर आहेत, कापलं की पांढरा ठिपका उरतोच. सगळ्यात चुकीचं म्हणजे रॅली व्हील पूर्ण क्रोम दिलेत. खरे रॅली व्हील आर्जंट सिल्व्हर, म्हणजे मंद करडा चंदेरी रंग, आणि फक्त बाहेरची रिंग चकचकीत. मी सगळं क्रोम घरगुती ब्लीचमध्ये बुडवून काढून टाकलं, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, आणि हो, ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. चाकं मग आर्जंटने रंगवली आणि रिंगवर लिक्विड क्रोमचा पेन फिरवला. फरक एवढा पडतो की गाडी खेळण्यातून थेट फोटोत गेल्यासारखी वाटते. क्रोम काढायचं नसेल तर निदान जिथे ग्लू लागणार तिथलं खरवडा, क्रोमवर ग्लू धरत नाही.

रंगाला मी इन-व्हायलेट घेतला, प्लिमथचा तो जांभळा मेटॅलिक, डॉजवाले त्यालाच प्लम क्रेझी म्हणायचे. लेमन ट्विस्ट, लाइम लाइट, व्हिटॅमिन सी, हे सगळे भडक रंग १९७० मध्ये कुडाला मिळत होते, त्यामुळे इथे घाबरत घाबरत सभ्य रंग मारायची गरजच नाही. मेटॅलिकसाठी बॉनेट, दरवाजे, बॉडी सगळं एकाच वेळी, एकाच अंतरावरून आणि गाडी उभी असेल त्याच दिशेत ठेवून मारा, बॉनेट वेगळा आडवा ठेवून मारलात तर कण वेगळे बसतात आणि बॉनेटची छटा बाकी गाडीशी जुळत नाही. लॅकर पातळ थरात, आधी प्रायमर हवाच, तेज लॅकर उघड्या प्लास्टिकला खातो. आणि इनॅमलवर लॅकर नको, खालचा थर सुरकुततो, उलटं चालतं.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची छापील चित्रं, चांगली आहेत, पातळ, छपाई नीट जागेवर. मागच्या बाजूचा हॉकी स्टिकचा पट्टा मात्र फुगवट्यावरून जातो, तिथे पाण्याने भागत नाही, सॉफ्टनिंग सोल्युशन लागतंच. ते लावल्यावर डेकल आधी सुरकुततं, तेव्हा हात लावू नका, सुकताना आपोआप ताणून बसतं. मग क्लिअर, मग पॉलिश, आणि फॉइल सगळ्यात शेवटी. बेअर मेटल फॉइल, म्हणजे मागे गोंद असलेला पातळ चकचकीत पत्रा, खिडक्यांच्या कडेला आणि छताच्या पन्हाळीवर लावायचं, इअरबडने दाबत न्यायचं आणि कापायला ब्लेड नवंच घ्यायचं, बोथट ब्लेड फॉइल फाडतं. या किटवर खिडकीच्या पट्ट्या ठळक उठावाच्या आहेत, ब्लेडला कड मिळते, हे काम छान होतं.

इंटिरियर लवकर उरकतो. डॅशबोर्डवर डायलची डेकल आहेत, गिअरचा पिस्टल ग्रिप, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीसारखा दांडा, दिलाय, सीटवरच्या शिवणी बऱ्या आहेत. कार्पेट नाही, हवं तर फ्लॉकिंग करा, म्हणजे गोंदावर बारीक तंतू भुरभुरवा. काचा बसवताना सुपरग्लू जवळही आणू नका, काचेवर पांढरी धूसर झाक येते ती जात नाही, लाकूडकामाचा पांढरा गोंद पुरतो, सुकला की पारदर्शक होतो. खालची बाजू बरी आहे, पुढे टॉर्शन बार आणि मागे लीफ स्प्रिंग वेगळे दाखवलेत, काळ्या रंगात बुडवून टाकू नका, प्रायमरचा रंग ठेवून कडांना बॉडीच्या रंगाची झाक द्या, फॅक्टरीतून गाड्या साधारण अशाच यायच्या.

टायर मऊ व्हिनाइलचे, साइडवॉलवर पांढरी अक्षरं छापलेली, कडेने नीट. मधली साच्याची रेघ टायर ड्रिलवर फिरवून पेपरने काढली, त्याने ट्रेडही थोडा झिजलेला दिसतो, जे हवंच होतं. फक्त किट लगेच बनवणार नसाल तर टायर वेगळ्या पिशवीत काढून ठेवा, काचा आणि बॉडीला टेकू देऊ नका. व्हिनाइलमधलं मऊ करणारं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि प्लास्टिक वितळवतं, जुन्या डब्यांमध्ये विंडशील्डवर टायरचा गोल ठसा उमटलेला असतो तो यामुळेच. बनवून झाल्यावरही चाकावर टायर चढवायच्या आधी रिमच्या आतल्या बाजूला ॲक्रिलिक क्लिअरचा एक हात मारून घ्या.