नातवंडांसाठी कंदील: कामट्यांचा की कार्डशीटचा?

नवरात्र संपत आलं की नौपाड्यात आमच्या कट्ट्यावर हा विषय निघतोच. यंदा नातवंडांना घरचा कंदील करून द्यायचा, पण कोणता? मी दोन्ही केलेत आणि दोन्ही ठाण्याहून नेरूळला लेकीकडे नेलेत. त्यातला एक ‘पोचला’ म्हणणं जरा धाडसाचं होईल.

कामट्यांचा म्हणजे आपला जुना, पारंपरिक. सारख्या मापाच्या २४ कामट्या घ्यायच्या, त्यांचे ६ चौकोन बांधायचे आणि चौकोनांचे कोपरे एकमेकांना दोऱ्याने जोडायचे. जोड १२ येतात आणि मधले ८ त्रिकोण आपले आपण तयार होतात. कागद लागेपर्यंत सांगाडा डुलत राहतो, हातात पिरगळतो. पहिल्या वेळी मला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं. पतंगी कागद खळीने चिकटवला की ओला असताना तो सुरकुततो, वाळल्यावर ताणून बसतो आणि मग सांगाडा ताठ उभा राहतो. खळीला कीड लागू नये म्हणून पूर्वी मोरचूद घालायचे. ते विष आहे, लहान हात लागणार असतील तर घालू नका. मैद्याची साधी खळ दिवाळीपुरती टिकते. कामट्यांना आधी पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर बोटात कूस जाते आणि सणासुदीला रडारड.

मापाचा हिशेब मात्र आधी करा. ९ इंची कामटी घेतली तर कंदील कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८ इंच होतो. हे गणित मी केलं नव्हतं. करंज्या, झिरमिळ्या लावून पूर्ण सजलेला कंदील घेऊन संध्याकाळी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत चढलो. घणसोलीपर्यंत तो डोक्यावर धरला, कोपरखैरण्याला हात भरून आला, नेरूळला उतरलो तेव्हा दोन बाजूंचा कागद फाटून लोंबत होता. दोष गर्दीचा नाही, माझ्या हौसेचा. नातू म्हणाला, “आबा, याला लागलंय का?”

कार्डशीटचा त्यामानाने बिनकटकटीचा. शीट मधोमध दुमडायचं, घडीच्या बाजूने बोटभर अंतरावर चिरा द्यायच्या, पण कडेच्या दोन बोटं आधी थांबायचं. उलगडून नळकांडं केलं, आत दुसऱ्या रंगाची गुंडाळी सरकवली, वर पट्टी स्टेपल केली की झालं. तासाभराचं काम. पाच वर्षांचं पोरही गोल टोकाच्या कात्रीने करतं. न चिकटवता नेलं तर फाइलमध्ये सपाट मावतं. पण उजेड म्हणाल तर चिरांमधून झिरपेल तेवढाच. पतंगी कागदातून जो मऊ उजेड भिंतीवर पडतो, त्याची सर याला नाही. शिवाय दमट हवेत दोन-चार दिवसांत पोट खाली बसतं.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला तर दोन्ही कंदील सारखेच हतबल. पतंगी कागदाचा रंगही ओघळतो. जिलेटीन भिजत नाही, पण त्यातून बल्ब उघडा दिसतो. मला ते आवडत नाही. गॅलरीला छप्पर नसेल तर कंदील खुशाल घरात, खिडकीच्या आतल्या बाजूला लावा.

आता ठरवायचं कसं? नातवंड सहाच्या आतलं असेल किंवा तुमच्याकडे एकच दुपार असेल, तर कार्डशीट. आठ-नऊच्या पुढचं असेल तर माझं मत कामट्यांना, पण पूर्ण करून नेऊ नका. घरी फक्त ६ चौकोन बांधा. एकावर एक ठेवले की कापडी पिशवीत जातात. सोबत पतंगी कागद आणि दोऱ्याचं रीळ. जोडायचं आणि चिकटवायचं काम नातवंडांच्या घरी, त्यांच्याच हातून. दोन संध्याकाळी लागतात, म्हणून वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी जा. गेल्या वर्षी मी हेच केलं. एक त्रिकोण नातवाने उलटसुलट रंगांचा लावलाय, तो मी तसाच ठेवला.

बल्ब कोणताही कंदील असो, एलईडीच लावा. जुना झिरोचा बल्ब नावाला झिरो, प्रत्यक्षात साधारण १५ वॅटचा. कागदाजवळ चांगलाच तापतो. होल्डरची वायर वरच्या कामट्यांना बांधा, कागदाला नको.