डिजिटल सहीचं टोकन, अडलेला मेल आणि गूगलवरचं ‘कस्टमर केअर’

आउटलुकमधून मेल जात नसेल आणि मशीनला डिजिटल सहीचं टोकन (पेन ड्राइव्हसारखं, आत सहीचं सर्टिफिकेट असलेलं) लावलेलं असेल, तर कृपा करून गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या काजूच्या कारखान्यात काय झालं ते लिहितोय.

कंपनी आम्हा दोघा भावांची. जीएसटी आणि आरओसीच्या (कंपनी निबंधकाच्या) कामासाठी दोघांच्याही नावे डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट. ऐन हंगामात वाशीच्या व्यापाऱ्याला बिल जाईना. सेंड दाबलं की ‘या पत्त्यावरून सही करायला सर्टिफिकेट नाही’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी. मी माल बघायला बाहेर गेलेलो, ऑफिसात दादा एकटा. “काय करतलंय, मेल जाणा नाय,” असं तो मला नंतर म्हणाला. त्याने टोकनच्या कंपनीचं नाव टाकून शोधलं आणि पहिला दिसला तो नंबर फिरवला.

पलीकडचा माणूस भलताच नम्र. आधी रिमोटचं ॲप, म्हणजे लांबून आपला कॉम्प्युटर चालवता येतो ते, घालायला लावलं. मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर (कॉम्प्युटरमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारी खिडकी) उघडून लाल खुणांची रांग दाखवली : “सर, आपके सिग्नेचर पे हॅकर बैठा है.” असल्या लाल खुणा धडधाकट कॉम्प्युटरमध्येही असतात, एखादी सर्व्हिस सुरू व्हायला वेळ लागला तरी उमटतात. पण ज्याने ती खिडकी कधी उघडलीच नाही, त्याला हे कुठून ठाऊक असणार? यूपीआयने 4,720 रुपये गेले. म्हणजे चार हजार, वर 18 टक्के जीएसटी! बिलही आलं. त्यावरचा जीएसटी नंबर मी मोजला, 14 अक्षरांचा. खरा 15 अक्षरांचा असतो.

इथवर थांबलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो. ‘टेस्टिंग’साठी टोकन लावून ठेवा आणि पिन सांगा, असं तो म्हणाला, आणि दादाने सांगितला. टोकनमधली किल्ली, म्हणजे जिच्यावर सही होते तो गुप्त कोड, बाहेर कॉपी होत नाही हे खरं, पण टोकन यूएसबीला लावलेलं, पिन हातात आणि स्क्रीन ताब्यात असल्यावर कॉपी करायची गरजच काय? तेवढ्या वेळात तो दादाच्या नावे कशावरही सही करू शकत होता. आयटी कायदा, 2000 प्रमाणे ती सही दादाचीच धरली जाणार.

मी आल्यावर आधी नेट काढलं, टोकन उपसलं, रिमोटचं ॲप उडवलं. दुसऱ्या मशीनवरून बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदलले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे आले नाहीत. आरओसी आणि जीएसटी पोर्टलवर आमच्या नावे नवीन काही दाखल झालंय का ते पाहिलं, सुदैवाने काही नव्हतं. पिन बदलला की पुरे, असं काहींनी सांगितलं. मला ते पटलं नाही. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून ते रद्द करून घेतलं आणि ओळख पटवायला नव्याने व्हिडिओ देऊन दुसरं काढलं.

आता मूळ दुखणं. आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, ईमेल सिक्युरिटी असं गेलं की जाणाऱ्या प्रत्येक मेलला डिजिटल सही जोडायची एक चौकट असते. आमच्याकडे तिथे कोणीतरी टिक केली होती. सर्टिफिकेटमध्ये मेल होता सीएच्या ऑफिसचा, पाठवायचा पत्ता कारखान्याचा. दोन्ही जुळेनात म्हणून आउटलुक अडलं. टिक काढली की मेल सुटतो. त्या भामट्यानेही एवढंच केलं होतं! याच भानगडीत काही जण टोकनच फॉरमॅट करून बसतात. तसं केलं तर आतली किल्ली कायमची जाते.

या निमित्ताने माझं स्वतःचं टोकन आणायला सीएच्या ऑफिसात गेलो. ड्रॉवरमध्ये पंचक्रोशीतल्या कंपन्यांची टोकनं रबर बँड लावून ठेवलेली, आणि प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टीवर पिन लिहिलेला. माझ्याही.