वॉशर धरायच्या पट्ट्या: आरव्ही-७ बांधताना वर्षभर वापरून बघितल्या

गेल्या मार्चात शेपटीतला एक बोल्ट बसवायला मला अख्खी दुपार लागली. एकच बोल्ट. आरव्ही-७ बांधतोय, ओरेगॉनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं दोन सीटच्या विमानाचं किट, इथे ओहायोत घरच्या गॅरेजमध्ये, आणि एलिव्हेटरचे (विमानाचं नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा हलता भाग) डावा-उजवा हॉर्न, म्हणजे तो हलवणारे धातूचे हात, जिथे मधल्या बेअरिंगपाशी येतात तिथे बेअरिंगच्या दोन्ही अंगांना वॉशर घालून फट भरायची असते. बोटं शिरत नाहीत, चिमट्याने धरला तर चिमट्याचं टोकच बोल्टच्या आड येतं, एका बाजूचा बसला की दुसऱ्या बाजूचा घसरून खाली शेपटीत, मग टॉर्च, आरसा, चुंबकाची काडी आणि परत पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी एका बिल्डर मित्राने सांगितलं, हाताने कशाला करतोस, वॉशर धरायच्या पट्ट्या मिळतात त्या मागव. मागवल्या. लांब चपट्या स्टीलच्या पट्ट्या, टोकाला अर्धगोल खाच, प्रत्येक साइजच्या वॉशरला वेगळी. खाचेत वॉशर दाबायचा, पट्टी फटीत सरकवायची, भोकं जुळली की बोल्ट ढकलायचा, बोल्टने वॉशर पकडला की पट्टी ओढून घ्यायची. तो शेपटीचा बोल्ट मी मुद्दाम काढून परत बसवून बघितला, दहा मिनिटांच्या आत झाला!! पायलट हातात धरतो त्या स्टिकच्या बुडाशी पुशरॉडची (स्टिकची हालचाल पुढे पोचवणाऱ्या दांड्यांची) टोकं बसवताना तर यांच्याशिवाय मी हातच घातला नसता.

आता जे खटकलं ते. कडा धारदार होत्या, पहिल्याच दिवशी आतल्या प्रायमरवर ओरखडा उठला, त्यामुळे आल्या आल्या कानस मारून आणि मग पॉलिश पेपर फिरवून कडा मोडून घ्या. साइज कुठेही कोरलेला नव्हता, मी मार्करने लिहिला. आणि सगळ्यात मोठी अडचण पातळ वॉशरची: ३/१६ इंच बोल्टचा एएन९६०-१० वॉशर .०६३ इंच जाड असतो, तो खाचेत छान अडकतो, पण त्याचा भाऊ १०-एल फक्त .०३२ इंच, तो जरा धक्का लागला की निसटतो आणि नेमका फट जुळवायला तोच जास्त लागतो. काही जण दोन वॉशर सुपरग्लूने चिकटवून एक करतात, मला ते कंट्रोलच्या जोडणीत नको वाटतं, मी खाचेत ग्रीसचा बारीक ठिपका लावतो, तेवढ्याने थांबतो.

तरी पडायचाच. त्याच सुमारास आई सांगलीहून आली होती, ती गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायची, दोन-तीनदा मला शेपटीत वाकून शोधताना बघितलं आणि म्हणाली, "अरे, वायसरमधून दोरा ओवून ठेव की, पडला तर ओढून घेशील." तेव्हापासून प्रत्येक वॉशरमध्ये शिवणाचा लाल दोरा ओवलेला असतो, बोल्टचं टोक भोकात शिरेपर्यंत ठेवतो, मग एक टोक धरून ओढून काढतो आणि पूर्ण बाहेर आला का ते बघूनच पुढे जातो. एकही वॉशर हरवलेला नाही त्यानंतर. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण शेपटीत सुटा राहिलेला वॉशर उडताना कुठल्या जोडात जाऊन अडकेल सांगता येत नाही, आणि एलिव्हेटर अडकला तर वर दुरुस्त करायला कोणी नाही.

नटासाठी मात्र या पट्ट्यांचा काही उपयोग नाही, तिथे पान्याच्या तोंडाला मास्किंग टेपचा तुकडा लावून नट त्यात घट्ट बसवायचा हेच चांगलं. टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा ते माप, आधी लावून बघा, एएन३ (३/१६ इंच) बोल्टच्या नायलॉनवाल्या नटाला २० ते २५ इंच-पाउंड, आणि नट नुसता फिरवायला जो जोर लागतो तो त्यात मिळवायचा, अडचणीच्या जागी टॉर्क रेंच जातच नसेल तर ते बोल्ट घालण्याआधी कळलेलं बरं.

कांदिवलीला गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्याबद्दल वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला होता की असल्या फटीत वॉशर ते कसे घालत असतील, कोणाला माहीत असेल तर खाली नक्की लिहा.

घ्यायच्या की नाही? कंट्रोलच्या कामाला हात लावायच्या आधी घ्या, माझ्यासारखं अर्धं झाल्यावर नको. मागवताना एवढं बघा की ३/१६ बोल्टचा वॉशर ९६०-१० या नंबरने येतो आणि १/४ चा ९६०-४१६ ने, नंबरवरून नवीन माणूस गोंधळतो, तर सेटमध्ये निदान या दोन्ही साइजच्या खाचा हव्यात, बाकीच्या माझ्याकडे अजून कोऱ्या पडून आहेत.